अडलेल्या घरांची सांडशी

घरांच्या दलालीत दोन जातीची माणसं लागतात. एक घेणाऱ्याला भुलवणारी, दुसरी विकणाऱ्याला समजावणारी. पहिल्या जातीची कुठेही ढिगाने मिळतात. चांगला शर्ट आणि न थकणारी जीभ एवढ्या भांडवलावर त्यांचं चालतं. दुसऱ्या जातीचं माणूस त्या ऑफिसात एकच होतं. पाठीमागे तिला सगळे सांडशी म्हणत, तोंडावर ताई. हात भाजेल म्हणून ज्या भांड्याला कुणी शिवत नाही ते उतरवायला हिला पाठवायचं, म्हणून सांडशी. हे नाव तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं, पण तसं दाखवलं असतं तर पोरं डोक्यावर बसली असती.

लोक घर विकायला काढतात, कागदावर सही करतात, घर दाखवायचा दिवस ठरतो आणि तिथे घोडं अडतं. आज बहिणीला विचारायचं आहे, उद्या पाहुणे आहेत, परवा बरं वाटत नाही. गिऱ्हाईक जिना चढून वर जातं तर दाराला कुलूप. ऑफिसात याला 'अडलेलं घर' म्हणत, आणि अडलेल्या घराची फाईल आपोआप सांडशीच्या टेबलावर येऊन पडे.

अठ्ठेचाळीस वर्षांची, बुटकी, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, पायात मुद्दाम निवडलेल्या, आवाज न करणाऱ्या चपला. यापूर्वी पंधरा वर्षं ती पडद्यांच्या दुकानात होती. खिडक्यांची मापं घ्यायला लोकांच्या घरी जाता जाता तिला एक शोध लागला होता. आपण टेप धरून खिडकीशी उभे असलो, की शेजारी उभा असलेला माणूस सख्ख्या भावाला सांगणार नाही ते सांगून मोकळा होतो. पुढे दुकान बंद पडलं आणि ती घरांच्या धंद्यात आली, तेव्हा हाच शोध तिने कामाला लावला.

"विकायचंय ना नक्की?" असं ती कधीच विचारत नसे. त्या प्रश्नाने माणूस दचकतो. ती विचारायची, "तिकडे पलंग कुठल्या भिंतीला लावणार?" समोरचा विचारात पडे आणि विचार करता करता मनातल्या मनात पलंग तिकडे नेऊन ठेवी. बाहेरच्या खोलीत ती बसत नसे, थेट स्वयंपाकघरात जाऊन बसे. बाहेर माणूस पाहुण्याशी बोलतो, आत घरच्यांशी. आणि कुणी "अजून चार दिवस थांबूया" म्हणालं, की ती म्हणे, "थांबूया की. फक्त चार दिवसांनी काय बदलणार आहे, तेवढं सांगा." एवढं बोलून ती तोंडाला कुलूप घाली. समोरचा कितीही वेळ गप्प बसला तरी ती शांतता भरून काढायची नाही. नव्या पोरांना सगळं जमे, एवढं जमत नसे.

कुणाला वाटेल, बाई कसायाच्या काळजाची. तसं नव्हतं. दोनदा तरी तिने ऑफिसच्या मालकाच्या टेबलावर फाईल टाकून सांगितलं होतं, "या बाईंनी घर विकू नये. मी विकायला लावणार नाही." मालकाने कपाळाला हात लावला होता, पण ऐकलं होतं. आपण माणूस ओळखतो, हा तिचा अभिमान होता. तोच पुढे नडला, आणि नडला तो तिला नाही, दुसऱ्याच कुणाला.

ते घर तिसऱ्या मजल्यावर होतं. इमारतीला लिफ्ट नाही, जिन्याच्या पायऱ्या उंच. घरात काका आणि काकू दोघंच. काका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. छापखाना मिटला तसे घरी बसले. मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. काकांचे गुडघे गेले होते, म्हणून मुलाने आपल्या इमारतीशेजारीच लिफ्ट असलेला फ्लॅट बघून ठेवला, जुनं घर विकायचं ठरवलं आणि काकांकडून सही घेतली. मुलगा वाईट नव्हता. त्याच्यापाशी वेळ नव्हता, एवढंच. सही झाली, आणि काकांनी तीन वेळा गिऱ्हाइकाला दार उघडलं नाही.

आता एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. सांडशीला ती फार उशिरा कळली, पण वाचणाऱ्याला ताटकळत ठेवण्यात काय हशील? काकूंची आठवण वर्षभरापासून विरत चालली होती. काकांनी त्यांना गुपचूप डॉक्टरकडे नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, औषधाचा फार उपयोग नाही. रोजचं घर, रोजच्या वस्तू, रोजची जागा जितकी टिकवाल तितक्या या टिकतील. त्या संध्याकाळी काकू पूर्ण भानावर होत्या. त्या काकांना म्हणाल्या, "मुलाला यातलं अक्षर सांगू नका. तो मला कुठेतरी नेऊन ठेवील. शब्द द्या." काकांनी शब्द दिला. कारण सांगितलं तर शब्द मोडतो, न सांगितलं तर घर जातं. आणि घर गेलं की काकू जातात. अशा कात्रीत सापडलेला माणूस दार उघडत नाही, यात नवल ते काय.

सांडशी पहिल्यांदा गेली तेव्हा सरळ स्वयंपाकघरात जाऊन स्टुलावर बसली. काकूंनी चहा टाकला. न बघता डावा हात फळीवर गेला आणि दोन बोटांत तीन कप घेऊन खाली आला. साखरेचा डबा चहाच्या डब्यामागे, गाळणं खिडकीच्या खिळ्याला, चिमटा ओट्याच्या कडेला. हात जाई तिथे वस्तू. सांडशीच्या मनात आलं, बाई किती तरतरीत आहे, हिच्याकडून काही अडत नाही, अडतं ते काकांचं. काकूंनी विचारलं, "मुलं किती तुम्हाला?" ती म्हणाली, "एक मुलगी." कप हातात देताना काकूंनी पुन्हा विचारलं, "मुलं किती तुम्हाला?" ती पुन्हा म्हणाली, एक मुलगी. म्हातारी माणसं विचारतात दोनदा.

"काका, मनात काय आहे ते सांगा," ती म्हणाली. "विकायचं नसेल तर मी स्वतः मालकांना सांगेन. तुमच्यावर बोल येऊ देणार नाही."

काकांनी एकदा काकूंकडे बघितलं. "सवय हो," ते म्हणाले. "दुसरं काय."

सांडशीला सवय म्हणजे किरकोळ दुखणं वाटलं. अशी शंभर दुखणी तिने बरी केली होती. तिने पलंगाचं विचारलं, नव्या घरातल्या खिडकीचं विचारलं, आणि पुढच्या आठवड्यात घर दाखवायचं ठरवून टाकलं.

दाखवायच्या आधी घर मांडावं लागतं, हा धंद्याचा पहिला धडा. ओटा रिकामा दिसला की स्वयंपाकघर मोठं दिसतं. सांडशीने कप उचलून बंद कपाटात ठेवले, डबे खालच्या खणात घातले, गाळणं दिसेनासं केलं, स्टूल गॅलरीत ठेवलं. आतल्या खोलीतला पलंग खिडकीखाली ओढला, म्हणजे मधे ऐसपैस जागा दिसते. बोळातली खुर्ची हलवली. त्या खुर्चीच्या पाठीला हात लागला, की काकू डावीकडे न्हाणीघरात वळत. हे तिला कोण सांगणार?

दोन दिवसांनी ती पुन्हा गेली, तर सगळं जिथल्या तिथे. कप फळीवर, पलंग भिंतीला, खुर्ची बोळात. गुडघ्यांनी जेरीला आलेल्या माणसाने एकट्याने पलंग ओढला होता.

"काका, मी सांगितलं होतं ना?"

"हो, हो. चुकलंच."

तिने पुन्हा मांडलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा सगळं जुन्या जागी. असा हट्टीपणा तिने फार पाहिला होता. तोंडाने हो म्हणायचं आणि मागून खोडा घालायचा. ती मनातून चिडली, पण चिडणं तिच्या धंद्यात बसत नव्हतं. तिसऱ्या वेळी तिने मांडामांड केल्यावर लगेच फोटो काढायला सुरुवात केली, म्हणजे नंतर काकांनी काही केलं तरी बिघडत नाही.

ती खिडकीशी उभी राहून ओट्याचा फोटो घेत होती तेव्हा काकू चहा टाकायला आत आल्या. डावा हात फळीवर गेला. फळी रिकामी. हात तिथेच राहिला. मग उजवाही गेला. दोन्ही हातांनी त्यांनी फळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपली, मग मागे वळून खोलीभर बघितलं आणि हळूच विचारलं, "हे कोणाचं घर आहे हो?"

सांडशी हसली. "अजून तरी तुमचंच आहे, काकू."

टोमणे तिने जन्मभर ऐकले होते. सासूचे, नणंदेचे, दुकानातल्या गिऱ्हाइकांचे. आपल्या माणसांत सरळ प्रश्नाला सरळ अर्थ कुठे असतो? 'आज लवकर आलात' म्हणजे उशीर झाला. 'घर कोणाचं' म्हणजे तू कोण लागून गेलीस माझ्या वस्तू हलवणारी. असंच तिने ऐकलं, आणि टोमण्याला हसून उत्तर द्यावं तसं दिलं. त्या बाईने मात्र खरंच विचारलं होतं.

काका धावत आल्यासारखे आले. "चल, तुला पेपर वाचून दाखवतो," म्हणत त्यांनी काकूंचा हात धरून त्यांना बाहेर नेलं. सांडशीला वाटलं, चला, खरी अडचण एकदाची कळली. नवऱ्याचं निमित्त आहे, खोडा बाईंचा आहे. आणि असल्या खोड्यावर इलाज एकच, वेळ द्यायचा नाही. तिने त्या आठवड्यात सात गिऱ्हाइकं आणली. सातवं जोडपं तरुण होतं, बाईला दिवस गेलेले, दोघांनाही घर आवडलं. मुलाने फोनवरच होकार दिला.

सह्यांच्या आदल्या दिवशी दुपारी काका ऑफिसात आले. दोन बस बदलून, काठी टेकत, एकटे. शेजारणीला काकूंजवळ बसवून आले होते, हेही नंतर कळलं. खुर्चीवर बसून बराच वेळ त्यांनी दम घेतला. मग म्हणाले, "ताई, थांबता येईल का? थोडेच दिवस."

"थांबूया की, काका," सांडशी म्हणाली. आवाजात लोणी होतं; आणि खोटं नव्हतं, तिला तो म्हातारा आवडत होता. "फक्त चार दिवसांनी काय बदलणार आहे, तेवढं सांगा."

आणि ती गप्प बसली.

काकांनी तोंड उघडलं. मिटलं. काठीची मूठ फिरवत राहिले. बाहेर दुचाक्या जात होत्या, पलीकडच्या टेबलावर एक पोरगा कुणाला तरी फोनवर पत्ता सांगत होता. तिने मधे एखादा शब्द टाकला असता, "काकू बऱ्या आहेत ना?" एवढं जरी विचारलं असतं, तरी त्या माणसाने दिलेला शब्द मोडला असता असं मला वाटतं. तो मोडायच्या तयारीनेच दोन बस बदलून आला होता. पण तिने नियम पाळला. नियम पाळण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"बदलतंच आहे रोज," काका शेवटी म्हणाले.

"बघा," ती म्हणाली. "तुम्हालाही कळतंय. बदलायचं ते थोडंच थांबतं."

काकांनी मान हलवली, उठले आणि गेले. पलीकडचा पोरगा म्हणाला, "ताई, मानलं तुम्हाला." दुसऱ्या दिवशी सह्या झाल्या. काकूंनी अंगठ्याच्या ठशाशेजारी सुरेख वळणदार सही केली. मुलाने सांडशीचे आभार मानले.

पाच आठवड्यांनी वीजमीटरच्या नावबदलाचा एक कागद राहिला म्हणून सांडशी नव्या फ्लॅटवर गेली. ऑफिसातला कुणीही गेला असता, पण तिलाच उत्सुकता होती. आपण मार्गी लावलेली माणसं कशी आहेत ते बघायला तिला आवडे. चकचकीत लिफ्ट, रुंद बोळ. दार काकांनी उघडलं. दाढी वाढलेली, सदरा उलटा घातलेला. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि बाजूला सरले.

काकू स्वयंपाकघरात उभ्या होत्या. काकांनी तिथे सगळं जुन्या घरासारखं लावलं होतं. नवी फळी ठोकून घेतली होती, चहाच्या डब्यामागे साखरेचा डबा, खिळा, खिळ्याला गाळणं. छापखान्यातला माणूस, कुठल्या खणात काय, यात त्याची चूक होणार नव्हती. पण इथे खिडकी उजव्या हाताला होती आणि दार डाव्या हाताला. फळी त्यांना उजवीकडेच मारावी लागली. काकूंचा डावा हात वर जाई आणि दाराच्या चौकटीला लागे. त्या हात खाली घेत, थोडं थांबत, पुन्हा वर नेत.

"दिवसभर चालतं," काका म्हणाले. "मी कप हातात देतो, तर म्हणते ठेवा, मला सापडतात. न्हाणीघर सापडत नाही. मग..." बोळात फरशी पुसायचं फडकं पडलं होतं. "मुलाला कळलं आता. तो जागा बघतोय तिच्यासाठी. चांगली आहे म्हणतो, बाग आहे म्हणतो."

तेव्हा त्यांनी तिला सगळं सांगितलं. डॉक्टरचं, शब्दाचं, पलंग ओढल्याचं. सांगताना आवाज चढला नाही. तो चढला असता, त्यांनी तिला चार शिव्या घातल्या असत्या, तर तिला तिथे उभं राहणं सोपं गेलं असतं. सहा वर्षांत तिने एवढी घरं सोडवली, त्यातल्या किती जणांनी 'सवय' म्हटलं होतं आणि त्या शब्दाच्या मागे काय होतं? आता कोण सांगणार होतं तिला?

"ताई, एक विचारू?" काका म्हणाले. "त्या नव्या माणसांना सांगून एकदा तिला तिथे नेता येईल का? एकच दुपार. चहा करील आणि येऊ आम्ही."

ती चारच दिवसांपूर्वी त्या इमारतीखालून गेली होती. खाली राडारोड्याची पोती रचलेली होती. नव्या बाईला ओटा दुसऱ्या भिंतीला हवा होता.

"ओटा फोडला, काका," ती म्हणाली.

काकांनी मान हलवली, ऑफिसात हलवली होती तशीच.

एवढ्यात काकू बाहेर आल्या. सांडशीला बघून त्यांचा चेहरा उजळला. तो त्यांचा जुना, पाहुण्यांसाठीचा चेहरा होता. त्या तिच्याजवळ येऊन बसल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुम्ही घरं दाखवता ना? हे सांगत होते मघाशी. मग आम्हाला आमचं दाखवा ना. हे म्हणतात इथंच आहे, पण यांना काही ते सापडत नाही."

काकांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

सांडशी उठली. दुसरं काय करावं हे तिला सुचलं नाही, आणि येत होतं ते एकच काम. तिने काकूंचा हात हातात घेतला. "चला, दाखवते," ती म्हणाली. "ही बाहेरची खोली. सकाळचं ऊन इथपर्यंत येतं. हा तुमचा पलंग. भिंतीलाच लावलाय, बघा. हे न्हाणीघर, इथून डावीकडे. आणि हे तुमचं स्वयंपाकघर." काकू मन लावून बघत होत्या. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला, नळ सोडून पाहिला, खिडकी उघडून मिटली. "पाणी नीट येतं?" त्यांनी विचारलं. "येतं, काकू. दिवसभर येतं."

सगळं बघून त्या पुन्हा बाहेरच्या खोलीत आल्या. समोरच्याचं मन न दुखवता नाही कसं म्हणायचं, हे त्यांना अजून येत होतं. त्यांनी सांडशीच्या हातावर हात ठेवला.

"घर छान आहे हो. उजेड आहे, हवा आहे," काकू म्हणाल्या. "पण तुमचा वेळ उगाच कशाला घालवू? आम्हाला घ्यायचं नाहीये. आमचं स्वतःचं आहे."

मग त्या काकांना म्हणाल्या, "चला, निघूया," आणि दाराशी वाकून आपल्या चपला शोधू लागल्या.